ढोलाविरुद्ध क्षमा गुप्ते

"बंद करा ते! आधी बंद करा म्हणते ना!"

क्षमाताई एवढ्या जोरात ओरडल्या की नंदकिशोर स्वयंपाकघरातून हातात चहाचं गाळणं घेऊनच बाहेर आले. गार्गीने घाईघाईने मोबाईलवर बोट दाबलं आणि टीव्हीखालच्या स्पीकरमधली तोडी आलापाच्या मध्येच थांबली.

"आई, तुझीच तोडी आहे ती," गार्गी म्हणाली. "रोज सकाळी लावायचीस ती. मुद्दाम तीच लावली."

"ही माझी तोडी नाही. कुणीतरी परातीवर काथ्या घासतंय."

"कानाच्या नवीन मशीनची सवय व्हायला वेळ लागतो गं. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या ना?"

"सवय मी करून घ्यायची? एवढं महाग मशीन, त्याने नाही करायची?"

गार्गी खास रजा टाकून सांताक्रूझहून मुलुंडला आली होती. आईच्या दोन्ही कानांमागे शेंगदाण्याएवढी मशिनं बसवायची, तिचं लाडकं गाणं लावायचं आणि आईचे डोळे भरून आलेले बघायचे, असा तिचा साधासरळ बेत होता. डोळे भरून आले नाहीत. आईने दोन्ही मशिनं काढून डबीत टाकली आणि डबीचं झाकण असं लावलं की जणू आत झुरळ पकडलंय.

पुढच्या खेपेला दवाखान्यातल्या माधुरीने मशीनची सेटिंग बदलून दिली, गाण्यासाठी म्हणून एक वेगळं बटण करून दिलं, आणि मग समजुतीच्या सुरात खरं काय ते सांगून टाकलं. "काकू, वयानं कानाच्या वरच्या पट्ट्या जातात. तुमच्या बऱ्याच गेल्यात. मशीन बनवलेलं असतं ते माणसांचं बोलणं ऐकायला. गाणं थोडं बरं वाटेल, पण पूर्वीसारखं वाटेल असं मी नाही म्हणणार. खालचं मात्र चांगलं शाबूत आहे तुमचं. जड आवाज, घुमणारे आवाज तुम्हाला मशीनशिवायही छान ऐकू येतील."

"म्हणजे काय ऐकू मी? मिक्सर?"

"मिक्सर वरचा असतो काकू. ट्रक वगैरे."

माधुरी हसली. ती हसली याचा क्षमाताईंना पुढे कितीतरी दिवस राग येत राहिला. ज्या बाईने टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर म्हणून उभी नोकरी केली, तारेच्या पलीकडे माणूस नुसता खाकरला तरी कोल्हापूरचा आहे की नागपूरचा ते ओळखलं, तिच्या पदरात शेवटी काय पडलं, तर ट्रक!

राग येण्यासारखंच होतं. कारण क्षमाताईंच्या मते माणसाची गाण्यातली आवड फक्त वर चढते. खाली उतरायची सोय त्या जिन्याला नाही. त्या स्वतः तशाच चढल्या होत्या. लहानपणी घरात वडिलांचा रेडिओ होता आणि त्यावर नाट्यगीतं तेवढी लागत. सिनेमाचं गाणं सुरू झालं की वडील बटण असं पिळत, जसं कुणी चपला घालून देवघरात आलंय. सोळाव्या वर्षी क्षमा शेजारणीकडे वेणी घालून घ्यायच्या निमित्ताने जाऊन नेमकी तीच गाणी ऐकायची, आणि वेणी दोनदा सोडून पुन्हा घालायला लावायची. नोकरी लागल्यावर रात्रपाळीच्या मुली दबक्या आवाजात ती गाणी म्हणत, त्यात हिचा आवाज पहिला असे. मग लग्न झालं, गार्गी झाली आणि एके दिवशी ती सगळी गाणी एकदम पांचट वाटायला लागली. मग गझलांच्या कॅसेटी आल्या. आयुष्यात दुःख म्हणावं असं काही नव्हतं, नवरा तर गरीब गाय, तरी भांडी विसळताना क्षमाताई गझल लावून खोल उसासे सोडत. चाळिशीनंतर गझलही गुळमट झाली. ऑफिसातल्या एका बाईंनी बैठकीला नेलं. त्या पहिल्या बैठकीत आपल्याला डुलकी लागली होती हे त्या कुणाला सांगत नसत. पण पुढे विलंबित ख्याल आवडू लागला, त्याच्या पुढे तर तबलाही मध्येमध्ये करतोय असं वाटायला लागलं, आणि शेवटी उरला एक तंबोरा आणि एक आवाज.

प्रत्येक पायरीवरून मागे वळून बघताना त्यांना खालच्या पायरीवरची आपलीच मूर्ती वेंधळी वाटायची. आणि त्या पायरीवर आजही उभे असलेले इतर लोक तर अगदीच सामान्य. गार्गीने कॉलेजात गिटारवाली गाणी लावली तेव्हा क्षमाताई म्हणाल्या होत्या, "ऐक, ऐक. होशील मोठी." गार्गी चाळिशीची झाली, अजून तीच गाणी ऐकते. याला काय म्हणावं हे क्षमाताईंना सुचत नसे.

ढोल मात्र या जिन्यावर कुठेच नव्हता. ढोल म्हणजे रस्ता.

आणि तोच ढोल दर वर्षी आषाढ लागला की त्यांच्या बाल्कनीखाली सुरू व्हायचा. त्यांच्या सोसायटीच्या मागे सोसायटीच्याच मालकीची एक मोकळी जागा होती. शेजारी जिथे चाळ होती तिथे आता टॉवर उभा होता. गिरण्या बंद पडल्यावर कोकणातली जी कुटुंबं उपनगरात सरकली त्यांची नातवंडं त्या टॉवरमध्ये राहत, आणि त्यांचं ढोलताशाचं पथक होतं. कुण्या जुन्या सेक्रेटरीने त्यांना तोंडी परवानगी देऊन ठेवलेली. गणपतीच्या आधीचे दोन महिने रोज संध्याकाळी सराव. मग क्षमाताईंनी तक्रार केली. एकदा नाही, दर वर्षी केली. मराठी त्यांचं उत्तम, त्यामुळे तक्रारही अशी की वाचणाऱ्याने मान डोलवावी. मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप आल्यापासून त्या बाल्कनीत उभ्या राहून रोजचा पुरावा गोळा करू लागल्या. पथकाचे व्हिडिओ काढू लागल्या. सोसायटीतले लोक त्यांना झाशीची राणी म्हणत, आणि त्यांना ते आवडत असे.

मशिनं लागली त्याच वर्षी या लढाईला यश यायची चिन्हं दिसू लागली. नवे सेक्रेटरी अंबादासराव उत्साही निघाले. त्यांनी घरोघर फिरून सह्या घेतल्या, क्षमाताईंचा अर्ज सोसायटीचा अर्ज केला आणि पोलीस चौकीत नेऊन दिला. आषाढातच चौकीतून निरोप आला की दोन्ही बाजूंना बोलावून घेऊ. "क्षमाताई, या वर्षी निकाल लावायचाच," अंबादासराव म्हणाले. "तुम्ही फक्त पुरावे चालू ठेवा."

पुरावे गोळा करायला क्षमाताई त्या संध्याकाळी बाल्कनीत गेल्या तेव्हा कानांत मशिनं होती. ताशाची पहिली काडी पडली आणि मेंदूत सुया टोचल्यासारखं झालं. त्यांनी चिडून दोन्ही मशिनं काढली, ब्लाउजमध्ये खोचली, मोबाईल उचलला आणि कठड्यावर हात ठेवला.

आणि ढोल वाजले.

ताशा ऐकू आला नाही. झांजा ऐकू आल्या नाहीत. शिट्टी, पोरींच्या आरोळ्या, रिक्षांचे भोंगे, सगळं पुसून गेलं होतं. राहिले होते फक्त ढोल, आणि ते स्वच्छ होते. प्रत्येक ठोका वेगळा, गोल, पूर्ण. त्याला कुठे खरवड नव्हती, कुठे भोक पडलेलं नव्हतं. कठड्याच्या लोखंडातून तो तळहाताला येत होता आणि फरशीतून पोटऱ्यांना. आधी संथ, मग दुप्पट, मग सगळे ढोल एकदम थांबले. क्षमाताईंना वाटलं, आता पडणार. आता. आणि नेमका तिथेच तो पडला. त्यांची मान आपोआप हलली.

किती महिन्यांनी आपोआप हलली होती! दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या घरी पाच-सहा जणी जुन्या मैफलींचे व्हिडिओ ऐकायला जमत. त्या मंडळाच्या क्षमाताई अध्यक्ष. गेले कित्येक रविवार त्या पडद्यावरच्या तबलजीच्या हाताकडे डोळे लावून बसत आणि हात पडला की समेला मान हलवत. सोसायटीतलीच अनुपमा म्हणायची, "काय कान आहे बाई तुझा!" आणि क्षमाताई आतल्या आत जळायच्या.

आता मान हलली तेव्हा कुणाच्या हाताकडे बघावं लागलं नव्हतं. त्यांना रडू आलं. आणि रडू आलं याचा भयंकर संताप आला. एवढं आयुष्य घालवून, कान घासूनपुसून, चढून चढून शेवटी कुठे यायचं, तर इथे? ज्यांना हाकलायचं त्यांच्या दारात? त्यांनी मोबाईल बंद केला आणि तावातावाने घरात गेल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आधीच त्या बाल्कनीत होत्या.

आठवड्याभराने नंदकिशोर म्हणाले, "अगं, अजून किती पुरावे?"

"कायद्याचं काम आहे. भक्कम लागतं."

"काल तुझा मोबाईल आत चार्जिंगला होता."

"आधी कानाने खात्री करून घेते," क्षमाताई म्हणाल्या आणि लाल झाल्या.

दुसऱ्या दिवशी नंदकिशोरांनी बाल्कनीत वेताची खुर्ची ठेवलेली होती आणि शेजारी पाण्याचा तांब्या. या माणसाचा हाच दोष होता. भांडायला काही शिल्लकच ठेवत नसे.

खुर्चीत बसून क्षमाताईंना पथकाचे ठेके ओळखू यायला लागले. पथकवाले त्यांना 'हात' म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं, कारण तक्रारीत त्यांनी तो शब्द खोचकपणे वापरलेला होता. एक हात बैलगाडीसारखा रमतगमत जायचा. एकात डाव्या रांगेतले ढोल विचारायचे आणि उजवे उत्तर द्यायचे. डावीकडची एक जाड वेणीवाली मुलगी ठोक्याच्या किंचित मागे असायची आणि त्यामुळेच तो हात भरल्यासारखा वाटायचा. हे सगळं कुणाला तरी सांगावं असं त्यांना फार वाटे. पण कुणाला? अनुपमाला? तिच्या नवऱ्याची बायपास झालेली होती आणि ढोलाने त्यांची छाती धडधडते, असं क्षमाताईंनीच अर्जात लिहिलं होतं. शिवाय ते खोटं नव्हतं. गार्गीला? ती हसली असती, आणि तिने हसावं असं आपणच वर्षानुवर्षं वागलो, हे क्षमाताईंना कळत होतं. मग त्यांनी मनातल्या मनात ठरवलं, की चौकीत आपण वेळ कमी करायला सांगू. रोज नको, एक दिवसाआड. म्हणजे बायपासवाल्यांनाही बरं, आणि आपलंही काही उघडं पडायचं नाही. तोडगा मनाला इतका पटला की त्या रात्री त्यांना शांत झोप लागली.

चौकीत टेबलापलीकडे साहेब होते. अलीकडे एका बाजूला अंबादासराव, क्षमाताई आणि अनुपमा, दुसऱ्या बाजूला पथकाची प्रमुख श्वेता. तिशीची, दिवसा दातांच्या दवाखान्यात कामाला, आणि तिथून थेट आलेली, त्यामुळे अंगावर अजून तो निळा कोट. बोलणं चुकू नये म्हणून क्षमाताईंनी मशिनं घातली होती.

"हे बघा," साहेब म्हणाले, "हायवेच्या पलीकडे, मिठागराच्या बाजूला मोकळी जागा आहे. तिथे वस्ती नाही. सराव तिकडे न्या. विषय संपला."

"साहेब, संध्याकाळची पोरी तिकडे कशा जाणार?" श्वेता म्हणाली. "रिक्षा येत नाय तिकडे. लाइट नाय. अर्ध्या पोरींना घरचे सोडणारच नाय. पथकात मुली जास्त आहेत आमच्या."

"तो तुमचा प्रश्न झाला ना," अंबादासराव म्हणाले.

क्षमाताई घसा खाकरून एक दिवसाआडचं बोलणार, तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला आणि ते खुर्ची फिरवून बोलू लागले. अंबादासराव अनुपमाकडे झुकले. त्यांना वाटलं, मध्ये बसलेल्या बाईला ऐकू येत नाही. पण मशीन माणसांचं बोलणं ऐकण्यासाठी बनवलेलं होतं, आणि त्याने आपलं काम चोख केलं.

"सोमवारी पत्रे येतायत," अंबादासराव कुजबुजले. "सगळीकडून बंद करून घेतो. दोन रांगा आरामात लागतील. तुमची नवी गाडी अगदी कोपऱ्यात, सावलीत."

"कसले पत्रे?" क्षमाताईंनी विचारलं.

अंबादासराव दचकले, मग हसले. "अहो, पार्किंगचं. जागा रिकामी ठेवली तर परत येऊन बसतील ना ही मंडळी. कमिटीत झालंय बोलणं."

"तुम्ही तर म्हणत होतात, आवाजाने डोकं उठतं."

"उठतंच की. दोन्ही आहे. इतकी वर्षं त्यांना हलवायची कुणाची टाप नव्हती, तुमच्या अर्जाने काम झालं. तुमचे उपकार आहेत सोसायटीवर."

क्षमाताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. घरोघर फिरून सह्या घेणारा हा माणूस! सह्या घेताना डोळ्यांत पाणी आणून ज्येष्ठ नागरिकांच्या शांततेबद्दल बोलणारा हा माणूस! आपली सगळी तळमळ, सगळं मराठी, सगळा शुद्ध स्वराचा अभिमान याने गाड्या लावायला वापरला. साहेबांनी फोन ठेवला तेव्हा त्या उभ्या राहिल्या होत्या.

"साहेब, माझी तक्रार मी मागे घेते."

"काय?" साहेब, अनुपमा आणि श्वेता, तिघांच्याही तोंडून एकदम निघालं.

"कारण काय, मॅडम?"

एक दिवसाआडचा तोडगा, पोक्त शब्द, काही आठवेना. क्षमाताई म्हणाल्या, "मला तो ढोल ऐकायचा असतो. रोज."

मग अंबादासराव अतिशय मऊ आवाजात बोलले, आजारी माणसासमोर बोलतात तसे. "साहेब, मॅडमना आता ऐकू येत नाही हो. नुकतंच मशीन बसलंय. त्यांना कशाचा त्रास होणार? त्यांचं सोडा."

"क्षमा, अगं तू?" अनुपमा म्हणाली. "तू ढोल ऐकतेस?" तिचा सूर असा की मैत्रिणीला गुत्त्यातून बाहेर पडताना पकडलंय.

"हो, ऐकते! बहिरी झाले म्हणून ऐकते. मग?" क्षमाताईंचा आवाज चढला तो चढलाच. "सोळाव्या वर्षी जे आवडलं ते वयामुळे आवडलं. लग्नानंतर जे आवडलं ते घरात कंटाळा यायचा म्हणून. पुढे जे आवडलं ते चार शहाणी माणसं ऐकत होती म्हणून, खरं सांगते, आधी त्याचसाठी! मग ते खरं झालं. आणि आता हे बहिरेपणामुळे. तेवढं मात्र धरायचं नाही होय? ते सोडून द्यायचं? तुमच्या मैफलीतलं मला काही ऐकू येत नाही, अनुपमा. परात घासल्यासारखं वाटतं. मी तबलजीचे हात बघून मान हलवते तुमच्यासमोर. मला ऐकू येतो तो या पोरींचा ढोल. तो मी सोडणार नाही."

श्वेता त्यांच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते क्षमाताईंना वाचता आलं नाही.

अनुपमाचे डोळे भरले होते. पण ती म्हणाली, "आणि आमच्या ह्यांचं काय? त्यांना खरंच धडधडतं गं. गोळी घेऊन पडून राहतात ते. तूच लिहिलंस ना अर्जात? मी काही गाडीसाठी सही नाही केली."

क्षमाताई उभ्या होत्या तशा खाली बसल्या.

साहेबांनी अर्ज पुढे ओढला. माणूस वाईट नव्हता. "मॅडम, तुमची सही काढून टाकतो मी. पण अर्ज सोसायटीचा आहे, बाकीच्यांच्या सह्या आहेत. आजारी माणसाचा उल्लेख आहे. मला कारवाई करावीच लागेल." त्यांनी अर्जावर हात फिरवला. "आणि फार नीट लिहिलाय हो. कुठे बोट ठेवायला जागा नाही."

बाहेर पायरीवर श्वेता थांबली होती. क्षमाताईंना वाटलं, ही आता आपला हात धरेल, निदान हसेल. तिने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातलेले होते.

"काकू, खरं बोललात आत? आवडतं तुम्हाला?"

"हो."

"कधीपासून?"

"महिना झाला असेल."

"महिनाभर वर बसून ऐकताय. खुर्ची टाकून. आम्ही बघायचो खालून. पोरी बोलायच्या, बघ, बसली म्हातारी आपली शूटिंग काढायला. घाबरून चुकायच्या." श्वेताचा आवाज चढला नाही. "तुमच्या व्हिडिओवरून माझ्या आईला एकदा इथे बाकावर बसवून ठेवलेलं. पथकाशी तिचा काय संबंध पण नव्हता, ती डबा द्यायला आलेली. घरी येऊन म्हणाली, 'बाये, सोड ता. लोकांका त्रास होता.' आणि तुम्हाला आवडत होतं, तर एकदा खाली यायचं ना. नुसतं बोलायचं, पोरींनो, मस्त वाजवता."

"लाज वाटली गं."

"आवडलं म्हणून लाज?" श्वेताने मान हलवली. "आम्हाला इतकी वर्षं वाजवायची लाज वाटायला लावलीत, काकू." आणि ती कोटाची बटणं काढत रिक्षास्टँडकडे चालती झाली.

तिला काही म्हणायचा क्षमाताईंना अधिकार नव्हता, आणि राग तर मावत नव्हता. अंबादासरावांवर, अनुपमाच्या खऱ्या बोलण्यावर, स्वतःच्या कानांवर, स्वतःच्या त्या घोटीव मराठीवर. घरी आल्यावर त्यांनी नंदकिशोरांना सगळं सांगितलं आणि शेवटी त्यांच्यावरच ओरडल्या, "तुम्हाला माहीत होतं ना? मग मला थांबवलं का नाही?"

"तुला?" नंदकिशोर म्हणाले. एवढंच म्हणाले.

सोमवारी सकाळी पत्रे आले आणि कंपाउंडच्या भिंतीला टेकवून ठेवले गेले. संध्याकाळी पथकाचे ढोल न्यायला टेम्पो आला. मागच्या जागेच्या कोपऱ्यात ताडपत्रीची एक खोपटी होती, तिच्यातून मुली एकेक ढोल काढत होत्या. जाड वेणीवाली त्यांत होती. कुणी वाजवत नव्हतं. चौकीची तशी सूचनाच होती.

क्षमाताई मशिनं न घालताच खाली उतरल्या. त्या जागेत त्या पहिल्यांदाच पाय ठेवत होत्या. वरून दिसायची त्यापेक्षा ती लहान होती, मधली माती पायांनी घट्ट झालेली. मुलींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागल्या. एक ढोल तिथेच जमिनीवर उभा होता. क्षमाताईंनी जवळ जाऊन त्याच्या वाजवायच्या पानावर तळहात ठेवला. पान गार होतं आणि ताणलेलं. जाड वेणीवालीला सांगायचं म्हणून त्या जे काही मनात जुळवून आल्या होत्या, ते तोंडातून बाहेर येईना. "तू किंचित मागे वाजवतेस," असं एकदम कसं म्हणायचं? ती तक्रारच समजली असती.

टेम्पो मागे येत होता. श्वेता त्यांना ओरडून काही सांगत होती, सगळ्याच मुली ओरडत होत्या, पण क्षमाताईंच्या कानांपर्यंत त्यातलं काहीच पोहोचत नव्हतं. शेवटी श्वेता धावत आली, तिने त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं आणि भिंतीशी नीट उभं केलं. हात सोडायच्या आधी क्षणभर तिने त्यांच्या कानांकडे पाहिलं. मशिनं नव्हती. मग ती वळली, तो शेवटचा ढोल उचलून टेम्पोत चढवला आणि फळी लावली.

टेम्पो सोसायटीच्या फाटकातून निघाला. फाटकासमोरच्या स्पीडब्रेकरवर त्याची मागची चाकं आपटली आणि आत रचलेले सगळे ढोल एकमेकांवर आदळले. तो एक ठोका क्षमाताईंना अगदी पूर्ण ऐकू आला. टेम्पो नाक्यावर वळला. तिथे दुसरा स्पीडब्रेकर होता. तिथला ठोकाही आला, लांबून, पण स्वच्छ.

भिंतीला पाठ टेकून, हात तसाच पुढे उघडा ठेवून, क्षमाताई त्याच्या पुढच्या ठोक्याची वाट बघत उभ्या राहिल्या.